पहिला अल्बम एकदम काढायचा की एकेक गाणं सोडत जायचं? (फोंड्याचा बँड, नऊ गाणी तयार)

चौथी_तार

नमस्कार मंडळी. आमचा फोंड्याचा बँड आहे, चार जण, गिटार, ड्रम्स, कीबोर्ड आणि मी बेसवर, गाते ती कीबोर्डवालीच. इंडी पॉप म्हणतो आम्ही, घरचे "ती तुमची झोपाळू गाणी" म्हणतात. आतापर्यंत हणजूण-आसगावकडच्या कॅफेत इंग्लिश कव्हर्स वाजवून तारांचा आणि पेट्रोलचा खर्च काढला, मधेच मराठी गाणं सुरू केलं की मालक काउंटरवरनंच हात करतो की पुरे, आता ते नेहमीचं घ्या. त्या वैतागातून स्वतःची नऊ गाणी झालीत, सात मराठी आणि दोन कोंकणी, दोन गाण्यांत घुमट (आपलं कातडं ताणलेलं मातीचं तालवाद्य) पण आहे. रेकॉर्डिंग संपलं, मिक्सिंग अर्ध्यावर आलंय.

आता भांडण असं की गिटारवाला म्हणतो आजकाल अल्बम ऐकतो कोण, दीड-दोन महिन्यांनी एक गाणं सोडू म्हणजे वर्षभर लोकांच्या कानावर राहू. गायिका म्हणते नऊच्या नऊ एकत्र आणि ठरलेल्या क्रमाने, नाहीतर काढूच नका. ड्रमर दोघांनाही हो म्हणतो. आणि मधे बसवलंय मला. चवथीच्या आधी काहीतरी बाहेर यावं एवढं मात्र सगळ्यांना वाटतं, कारण तेव्हा मुंबई-पुण्याला असलेले सगळे घरी येतात, आरतीनंतर पोरं बसतात, मोबाईलवर एकमेकांना गाणी ऐकवतात.

अजून एक विचारायचंय, नवातलं एक गाणं म्हणजे बाकीबाब बोरकरांच्या कवितेला आम्ही लावलेली चाल आहे. बोरी आमच्याच तालुक्यात, कविता शाळेपासून पाठ, पण एकजण म्हणाला परवानगी लागते. लागते का खरंच?

रात्रीची_कदंब

गिटारवाला बरोबर बोलतोय, सॉरी गायिकाबाई. भावनेचं बाजूला ठेवा आणि स्पॉटिफाय कसं चालतं ते बघा. तुम्ही रिलीजच्या निदान सात दिवस आधी गाणं पोचवलं तर त्यांच्या एडिटरकडे पिच करता येतं, म्हणजे प्लेलिस्टमध्ये घ्या असं सुचवता येतं, आणि एका वेळी एकच गाणं पिच होतं. म्हणजे नऊ गाणी एका शुक्रवारी टाकलीत तर पिच एकाचंच, बाकीची आठ आली कधी नि गेली कधी कुणाला कळणार पण नाही. सुटी सोडलीत तर प्रत्येक वेळी नवीन पिच, आणि फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची यादी) पण प्रत्येक वेळी नवीन नंबर. सात दिवस हे कमीत कमी हां, चार आठवडे आधी द्या, शेवटच्या क्षणी कव्हरची साईझ चुकली म्हणून परत येतं आणि मग बसा.

दुसरं म्हणजे २०२४ पासून नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत एखाद्या गाण्याला १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचा रेकॉर्डिंगचा पैसाच मिळत नाही. हा आकडा गाण्यागणिक आहे, अल्बमची बेरीज धरत नाहीत. नव्या बँडच्या अल्बममधलं सातवं-आठवं गाणं हजारापर्यंत पोचायची मारामार असते, त्यापेक्षा एकेकाला नीट ढकला. तसे मिळणारे पैसे बघून तुम्ही गाडी घेणार नाही आहात, पण आपलं गाणं हिशेबात तरी यावं.

आणि अल्बम कधीच नको असं पण नाही. कोचीचा व्हेन चाय मेट टोस्ट बघा, बँड २०१६चा, आधी ईपी (चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम), सुटी गाणी, गिग्स, आणि पूर्ण लांबीचा पहिला अल्बम आला २०२०ला, तोवर ऐकणारे तयार होते. तुम्ही पण तीन-चार गाणी आधी सोडा आणि शेवटी सगळी मिळून अल्बम करा, फक्त एक लक्षात ठेवा की अल्बममध्ये ते गाणं परत टाकताना त्याच आयएसआरसी नंबरने टाकायचं, आणि फाईल पण तीच. तो १२ अक्षरी नंबर त्या रेकॉर्डिंगचा कायमचा असतो, तोच राहिला तर आधीचे स्ट्रीम अल्बममध्ये पण दिसतात, नवीन घेतलात तर शून्यापासून सुरुवात. डिस्ट्रिब्युटर (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारा) कुठला घेताय ते पण बघून घ्या, काहींची दरवर्षीची फी असते आणि ती थांबली की गाणी उतरवतात, काही एका रिलीजचे एकदाच घेतात आणि वर कमाईतला हिस्सा कापतात. बँड फुटला (फुटतात हो, सगळे फुटतात) तर दरवर्षी कार्ड कुणाचं घासणार ते आजच ठरवा.

पेडणेकर_बाब

कदंबाचं सगळं खरं असेल पण त्यात गाण्याबद्दल एक वाक्य नाही, सगळं नळाला पाणी कधी येणार तसलं वेळापत्रक. मी वयाने मोठा आहे, कॅसेट उलटवून ऐकणाऱ्यांतला, त्यामुळे माझं मत जुनाट वाटलं तर वाटू दे.

इंडी पॉप म्हणताय ना, मग बेल अँड सबास्टियनच्या पहिल्या अल्बमची गोष्ट माहीत हवी. १९९६, ग्लासगो. तिथल्या स्टो कॉलेजात म्युझिक बिझनेसचा कोर्स होता, त्या पोरांचं स्वतःचं लेबल होतं, इलेक्ट्रिक हनी नावाचं, दरवर्षी एखाद्या बँडचं काहीतरी काढायचे. ह्या बँडकडे गाणी इतकी की त्यांनी अख्खा अल्बमच केला, 'टायगरमिल्क', दहा गाणी, काही दिवसांतच रेकॉर्ड केलेला, आणि एलपी छापल्या १०००. फक्त हजार! ना जाहिरात, ना आधी सोडलेलं सिंगल. त्या हजार तबकड्या हातोहात फिरल्या, लोकांनी कॅसेटवर उतरवून एकमेकांना दिल्या, आणि १९९९ मध्ये परत निघेपर्यंत मूळ एलपी भलत्या किमतीला विकली जात होती. आज पण ते ऐकताना जाणवतं की ही दहा गाणी एका खोलीतल्या माणसांची आहेत. सुटी सुटी आली असती तर हे जाणवलं असतं का, मला नाही वाटत.

लांब कशाला जाता, आपल्या शिवोलीचा रेमो फर्नांडिस. १९८४ला पहिली कॅसेट काढली, घरीच चार ट्रॅकच्या मशिनवर, गाणं वाजवणं सगळं स्वतः, कव्हर पण स्वतः काढलेलं, आणि स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोचवली. तेव्हा गोव्यात इंग्लिशमधून गोव्याबद्दल गाणं म्हणजे ऐकणार कोण हाच प्रश्न होता, आज तुम्हाला मराठीबद्दल पडलाय तोच. त्याने एक गाणं नाही, पूर्ण कॅसेट हातात दिली लोकांच्या, त्यामुळे हा माणूस कोण, काय म्हणतोय, हे एका बैठकीत कळलं.

तुमच्या गायिकेला क्रम महत्त्वाचा वाटतो तर तिच्याकडे कारण असणार, ते नीट विचारा. आमच्याकडे दशावतारात आधी गणपती, मग रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासुर येऊन हसवून जातो आणि त्यानंतरच आख्यान लागतं, संकासुर पहाटे आणला तर कोण हसणार. नऊ गाण्यांत तसं काही आहे का ते बघा. असेल तर अल्बम करा, नसेल तर कदंबाचं ऐका आणि मोकळे व्हा. पण "आजकाल अल्बम ऐकतो कोण" हे कारण होऊ शकत नाही. आजकाल फोंड्याच्या बँडचं मराठी गाणं तरी कोण ऐकतो, म्हणून करायचं सोडलंत का?

चौथी_तार

बाब, तुमची शेवटची ओळ गायिकेने स्टेटसला ठेवली. क्रमाचं विचारलं तिला. तिचं म्हणणं असं की पहिली चार गाणी गोव्यात राहणाऱ्या मुलीची आहेत आणि पुढची बाहेर गेलेल्या मुलीची, मधे बोरकरांची कविता. खरं सांगायचं तर हे आम्हा तिघांना आजच कळलं, ड्रमर म्हणाला मला वाटलं सगळी पावसावर आहेत.

मिक्स_बाब

पर्वरीत स्टुडिओत काम करतो. अल्बम की सिंगल ते तुमचं तुम्ही बघा, पण मिक्सिंग अर्ध्यावर आहे म्हणताय म्हणून लिहितोय, कारण हा निर्णय मिक्सच्या आधी व्हायला लागतो, नंतर नाही.

कारण असं. सुटं गाणं असेल तर स्पॉटिफाय ते साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, मोठं असेल तर खाली ओढतं. त्यामुळे तुमचं हळू कीबोर्डवालं गाणं आणि ड्रम्सचं गाणं सुटी वाजली तर जवळपास एकाच मोठेपणाने ऐकू येतात. पण कुणी अख्खा अल्बम ओळीने लावला तर ते सगळ्या गाण्यांना एकच माप लावतं, म्हणजे तुम्ही मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं हळूच राहतं आणि त्याच्या नंतर ड्रम्स आले की ते खरंच येतात. तुमच्या गायिकेला जे म्हणायचंय ते तिथे ऐकू येतं. म्हणून अल्बम करणार असाल तर नऊच्या नऊ गाणी एकाच माणसाकडून, एकाच वेळी, शेजारी शेजारी ठेवून मास्टर करून घ्या, म्हणजे मिक्सनंतरचा शेवटचा हात. दोन महिन्यांनी एक असं वेगवेगळ्या मूडमध्ये केलेलं मास्टरिंग शेवटी एकत्र जोडलं की शिवण दिसते. आणि मोठं करायच्या नादात सगळं दाबून टाकू नका, उणे ७-८ पर्यंत नेलेलं गाणं शेवटी ते खालीच आणणार, वाजायला मोठं होत नाही नि जीव मात्र गेलेला असतो.

आता घुमट. ह्यावर मी तासभर बोलू शकतो. राज्याचं वारसा वाद्य म्हणून भाषणं खूप होतात पण नीट रेकॉर्ड केलेलं घुमट फार कमी ऐकायला मिळतं. बहुतेक जण कातड्यासमोर एक माईक लावतात आणि मग नुसता टकटक आवाज येतो, कारण घुमटाचा तो फुगत जाणारा खालचा सूर दुसऱ्या, उघड्या तोंडातून येतो, जिथे डाव्या हाताचा तळवा उघड-झाक करतो. दोन्हीकडे माईक पाहिजे, आणि दोन लावले की त्यातल्या एकाचा फेज उलटा करून बघायचा, ज्या बाजूला आवाज भरतो ती ठेवायची. तुमचं एकाच माईकवर झालं असेल तर त्या दोन गाण्यांचं घुमट परत घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि ते "चौथी तार" साहेब तुमच्यासाठी, घुमटाचा सूर आणि तुमचा बेस एकाच जागी बसतात, तिथे तुम्हाला थोडं वर सरकून वाजवायला लागेल नाहीतर दोघांचा चिखल होणार. मी बेसवाल्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो.

पावसात घेणार असाल तर कातडं सैल पडतं, दर टेकला जरा शेक द्यायला लागतो. पूर्वीचं घोरपडीचं कातडं हवेला जास्त टिकायचं असं जुने वाजवणारे सांगतात, पण घोरपड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो विषय संपला, आता बकऱ्याचंच, आणि बकऱ्याचं पण चांगलं वाजतं, नीट ताणलेलं असलं तर. कुठलं घुमट आहे ते न विचारता कुणाचं तरी जुनं उचलून व्हिडिओत दाखवू नका एवढंच.

वकिलीण_साखळी

कवितेचं कुणीच सांगेना म्हणून मी सांगते. हो, परवानगी लागते, आणि ती लेखी लागते.

आपल्याकडे लेखकाचा कॉपीराइट त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं, ती पण मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजायची. बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे २०४४ संपेपर्यंत हक्क वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिले असतील त्यांच्याकडे. आपल्या तालुक्यातले आहेत, पाठ आहे, शाळेत शिकवली, ह्यातलं काहीच कायद्यात चालत नाही. आणि चाल तुमची स्वतःची असली तरी शब्द त्यांचे आहेत. कव्हर व्हर्जनची जी कायद्यातली वाट आहे ती आधी रेकॉर्ड झालेल्या गाण्यासाठी आहे, छापील कवितेला नवी चाल लावण्यासाठी नाही, तेव्हा ती पण विसरा.

करायचं काय, तर संग्रहाच्या प्रकाशकाला पत्र लिहा आणि गायनाचे-रेकॉर्डिंगचे हक्क कुणाकडे आहेत ते विचारा. पुस्तक छापायचा हक्क आणि गाणं करायचा हक्क वेगळे असतात, प्रकाशक हो म्हणाला म्हणजे झालं असं समजू नका. परवानगीत स्ट्रीमिंग, व्हिडिओ, स्टेजवर गाणं हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. आणि तुम्ही एखादं कडवं गाळलं असेल किंवा कोरस म्हणून एक ओळ चार वेळा फिरवली असेल तर ते पण आधीच सांगून टाका, गाण्याची फाईल सोबत पाठवा. कवितेची मोडतोड केली म्हणून हरकत घ्यायचा हक्क वेगळा असतो, आणि तो वारसांना वापरता येतो. माझा अनुभव सांगते, नीट विचारलं की लोक सहसा नाही म्हणत नाहीत, राग येतो तो गाणं बाहेर आल्यावर कळलं की. मात्र उत्तर यायला वेळ लागतो, चवथीच्या तारखेत हे धरा.

परवानगी आलीच नाही तर म्हणून जुनं नाट्यगीत घ्यायचा विचार कराल, तर तिथे पण तारखा बघा. 'मानापमान' १९११चं, खाडिलकर १९४८ला गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ला, दोन्ही हक्क संपलेत, बिनधास्त गा. पण 'कट्यार'मधलं घेऊ म्हणाल तर मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या चालींवर २०५८ संपेपर्यंत हक्क आहेत. नाटक जुनं वाटतं म्हणून मोकळं नसतं. आणि मोकळं असलेलं गाणं पण स्वतः गायचं, कुणाच्या तरी नव्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलायचा नाही.

आता तुम्ही विचारलं नाही तरी सांगते कारण माझ्याकडे बँड येतात ते फुटल्यावरच येतात. कुठल्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, हे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या करा, आज, दोस्ती आहे तोवर. ड्रमरला पण विचारा, तो हो म्हणेल तरी लिहा. मास्टर रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार घेऊन पैसे घातले त्याचं धरतात, म्हणजे स्टुडिओचं बिल कुणी भरलं ते महत्त्वाचं, एकाच्याच बाबांनी भरलं असेल तर तसं लिहा. ज्यांचे शब्द किंवा चाली आहेत त्यांनी आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी) मेंबर व्हा, गाणी तिथे नोंदवा. स्पॉटिफायच्या हजारच्या नियमाचा पैसा वेगळा, हा वेगळा. आणि २०१२च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा वारस किंवा सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देताच येत नाही, तेव्हा उद्या एखादं लेबल आलं आणि "एकदाच पैसे घ्या, बाकी सगळं आमच्या नावावर करा" म्हणालं तर हसा आणि कागद माझ्यासारख्या कुणालातरी दाखवा.

रात्रीची_कदंब

वकिलीणबाई, कवितेच्या परवानगीला वेळ लागणार हे तुम्हीच म्हणताय, म्हणजे चवथीला पूर्ण अल्बम तसाही येत नाही. मग माझंच झालं ना, चवथीच्या आधी एक घुमटवालं कोंकणी गाणं सोडा, घराघरात घुमट वाजत असताना ते लोकांच्या कानात बसेल, मग एक मराठी. डिसेंबरात काही काढू नका, तेव्हा किनाऱ्यावर जो गोंगाट असतो त्यात तुमचं झोपाळू गाणं कोण ऐकणार. परवानगी आली की अल्बम. पेडणेकर बाब, नळाचं वेळापत्रक पण कुणीतरी बघायला लागतं हो.

पेडणेकर_बाब

बघ बाबा, बघ. दोन गाणी आधी सोडायला माझी हरकत नाही, १९९६लाच ग्लासगोची ती पोरं पण लगेच दुसऱ्या अल्बमला लागली होती, थांबून कोणी बसलं नव्हतं. फक्त कुठली दोन ते गायिकेला ठरवू द्या.

चौथी_तार

सगळ्यांचे आभार, आज चौघं बसलो होतो, हे सगळं मोठ्याने वाचलं. टक्केवारीच्या कागदावर सह्या झाल्या, ड्रमरने एका गाण्यात स्वतःचे १० टक्के मागितले आणि ते बरोबर होते, तो रिदम त्याचाच आहे. प्रकाशकाला पत्र उद्या जातंय, फाईलसकट, आम्ही एक कडवं गाळलंय ते पण लिहिलंय. मिक्स थांबवलं, घुमट परत घेणार, मिक्स_बाब तुम्हाला मेसेज करतोय, बेसचं वाचून माझा चेहरा खरंच उतरला.

चवथीच्या आधी दोन गाणी, एक घुमटाचं कोंकणी आणि एक मराठी, बाकी अल्बम परवानगी आल्यावर. अडलंय ते एवढ्यावरच की अल्बम सुरू कशाने करायचा. गिटारवाला म्हणतो घुमटाचंच पहिलं, लोकांना ते आधीच माहीत असेल. गायिका म्हणते पहिलं ते नुसतं कीबोर्ड आणि आवाजाचं, दोन मिनिटांचं.

मिक्स_बाब

गायिका. घुमट दुसरं ठेवा आणि मधे दीड सेकंद सोडा, जास्त नको. शुक्रवारी संध्याकाळी मोकळा आहे, येताना घुमट कपड्यात गुंडाळून आणा, गाडीच्या डिकीत नको.

पेडणेकर_बाब

आणि बोरकर पाचवं. तिथे बाजू उलटते.